पायाखालची वाळू

गोव्यात वाढलेल्या माणसाला मासा ओळखता येत नाही असे म्हणणे, म्हणजे देशावरच्या शेतकऱ्याला जोंधळा ओळखता येत नाही असे म्हणण्यासारखे आहे. बांगडा, तारली, इसवण, तांबोसा यांची नावे आम्ही मुळाक्षरांच्या आधी शिकलो. टोपलीपुढे उकिडवे बसून, कल्ला उचलून, मासा कालचा की आजचा हे सांगण्याची विद्या तर आमच्याकडे वडिलोपार्जित आहे. त्यामुळे २०२४ च्या डिसेंबरात, नाताळच्या सुटीत, लक्षद्वीपला जाण्याचे ठरले तेव्हा समुद्राविषयी आपल्याला नव्याने काही शिकावे लागेल, अशी शंकाही आम्हां उभयतांच्या मनाला शिवली नाही. तो गर्व चार दिवसांत उतरला. तो कसा उतरला, त्याचीच ही हकीकत.

मडगावहून रेल्वेने एर्नाकुलम आणि कोचीहून जहाज, असा आमचा मार्ग होता. या द्वीपांवर जाण्यास परवाना लागतो. तो आधीच काढून ठेवला होता. सायंकाळी जहाजाने बंदर सोडले. रात्रभर चहूकडे काळोख आणि पाणी, आणि सकाळी क्षितिजावर माडांची एक हिरवी रेघ. डोंगर नाही, टेकडी नाही. जणू माड थेट समुद्रातूनच उगवलेले. जहाज खोल पाण्यात उभे राहिले आणि आम्हांला लाटांवर हेलकावणाऱ्या होडीत उतरावे लागले. खलाशांनी दोन्ही दंडांना धरून, लाट वर येण्याची नेमकी वेळ साधून, आम्हांला पोत्यासारखे अलगद खाली सोडले. पन्नाशी उलटलेल्या मुख्याध्यापकाला आपल्या प्रतिष्ठेचा विचार करण्यास तेथे सवड मिळत नाही.

कवरत्ती हे या केंद्रशासित प्रदेशाचे मुख्य ठाणे. एकूण ३६ द्वीपे, त्यांपैकी १० वर वस्ती. सगळ्यांची मिळून जमीन केवळ ३२ चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेप्रमाणे तेथे सुमारे ६४ हजार माणसे राहतात. बहुतेक द्वीपांची ठेवण सारखीच. पूर्वेच्या अंगास जमिनीची अरुंद पट्टी, पश्चिमेस उथळ, शांत सरोवर, आणि त्या सरोवराला समुद्रापासून अलग करणारा प्रवाळांचा बांध. बांधाबाहेर पाणी गडद निळे, आत पाचूसारखे हिरवे. पावसाळ्यात पिसाळलेल्या अरबी समुद्राच्या लाटा त्या बांधावर डोके आपटून फुटतात आणि आतल्या होड्या व घरे सुरक्षित राहतात. गावाला वेस असावी तशी ही वेस. ती कोणा राजाने बांधली नाही. टाचणीच्या टोकापासून बोटाच्या पेरापर्यंतच्या आकाराच्या मृदू जीवांनी, स्वतःभोवती चुन्याची घरे रचत रचत, पिढ्यान्‌पिढ्या ती उभारली आहे.

भर समुद्रात हा बांध आला कोठून? या प्रश्नाचे उत्तर चार्ल्स डार्विनने १८४२ साली आपल्या ग्रंथात मांडले. समुद्रातून वर आलेला ज्वालामुखी हळूहळू खचत जातो. त्याच्या काठाने वाढणारे प्रवाळ मात्र उजेडासाठी वर वर चढत राहतात. शेवटी डोंगर बुडतो आणि प्रवाळांचे कंकण तेवढे उरते. १९५२ मध्ये प्रशांत महासागरातील एनिवेटोक या कंकणद्वीपावर खोल विंधण घेतले, तेव्हा सव्वा किलोमीटरहून अधिक जाडीच्या चुनखडीखाली ज्वालामुखीचा खडक लागला आणि डार्विनच्या तर्काला पुरावा मिळाला. लक्षद्वीपच्या बाबतीत आपल्याला जवळची वाटावी अशी आणखी एक गोष्ट आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातील ज्या तप्त स्रोताने दख्खनचा काळा कातळ ओतला, त्याच स्रोतावरून भारतभूमी उत्तरेकडे सरकत असता लक्षद्वीप व मालदीव यांच्या तळची डोंगररांग घडली, असे भूशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे सह्याद्रीचा काळा पत्थर आणि या द्वीपांचा बुडालेला पाया ही एकाच आईची लेकरे. एक पावसात भिजत उभे आहे, दुसरे पाण्याखाली निजले आहे.

दुसऱ्या दिवशी तळाला काच बसवलेल्या होडीतून आम्ही सरोवरात गेलो. काचेखाली सरकणारे ते जग पाहून प्रथम आमची वाचाच बसली. हरणाच्या शिंगांसारखे फाटे फुटलेले प्रवाळ, मेंदूच्या वळ्यांसारखे गोल प्रवाळ, आणि त्यांमधून जा-ये करणारे मासे. पिवळ्या-पांढऱ्या फुलपाखरू-माशांच्या जोड्या नवदांपत्यासारख्या बरोबरीने हिंडत होत्या. आकाशी अंगाचा, पिवळ्या पाठीच्या पंखाचा एक मासा शेपटीजवळ वस्तऱ्यासारखा धारदार काटा बाळगून असतो, असे नावाड्याने सांगितले. एका खडकाजवळ मोठे मासे तोंड उघडून स्वस्थ थांबले होते आणि बोटभर लांबीचा, निळ्या-काळ्या पट्ट्यांचा एक मासा त्यांच्या कल्ल्यांतील, चक्क जबड्यातील कीड वेचून खात होता. न्हाव्याच्या दुकानात गिऱ्हाईक जसे वस्तऱ्याखाली निर्धास्त मान देते, तसाच हा प्रकार. समुद्रफुलांच्या दंश करणाऱ्या पाकळ्यांत केशरी विदूषक-मासे सुखाने नांदत होते. त्यांच्या कुटुंबात सर्वांत मोठी ती मादी. ती मेली की तिचा नर स्वतःच मादी होऊन घर चालवतो. ज्या द्वीपांवर घराणे आईकडून चालते, तेथे ही रीत आम्हांला विशेष शोभून दिसली.

आमची सौभाग्यवती बराच वेळ काचेवर वाकून होती. मग ती म्हणाली, “अहो, तीस वर्षं मी मासे कापते आहे. पण मासा डोळा फिरवून आपल्याकडे बघतो, हे आज कळलं.” आम्ही निरुत्तर झालो. आमची सारी मत्स्यविद्या टोपलीतल्या मेलेल्या माशाची होती; मासा आपल्या घरी कसा असतो, याचा आम्हांला पत्ता नव्हता.

इतक्यात काचेखालून ‘कर्र, कर्र’ असा आवाज आल्यासारखे वाटले. हिरव्या-निळ्या रंगाचा, पोपटाच्या चोचीसारखे तोंड असलेला एक धष्टपुष्ट मासा खडक कुरतडत होता. हा पोपटमासा. मेलेल्या प्रवाळांवर वाढलेले शेवाळ खरवडताना तो चुनाही गिळतो, घशातल्या दातांनी तो दळतो, आणि बारीक पांढरी वाळू करून मागे टाकतो. आमच्यादेखत त्याने तसा एक पांढरा धूर सोडलाही. मोठा पोपटमासा वर्षभरात अशी शेकडो किलो वाळू तयार करतो. ज्या शुभ्र वाळूत आम्ही आदल्या सायंकाळी पाय पसरून बसलो होतो, तिचा मोठा भाग असा माशांच्या जात्यावर दळलेला होता. त्याच वाळूच्या थरात पावसाचे गोडे पाणी साठते आणि खाऱ्या पाण्यावर पातळ सायीसारखे तरंगत राहते. विहिरींना पाणी मिळते ते त्या सायीचे. माड जगतात तेही तिच्यावरच.

परतताना किनाऱ्यावर लाटांनी टाकलेला प्रवाळाचा एक तुकडा आम्हांला दिसला. शाळेच्या कपाटात ठेवावा, मुलांना दाखवावा, या हेतूने आम्ही तो उचलून रुमालात गुंडाळला. प्रवाळ नेण्यास कायद्याने बंदी आहे हे ऐकले होते. पण मेलेल्या तुकड्याने काय बिघडते, अशी समजूत आम्ही करून घेतली. नावाड्याने ते पाहिले. तो वयाने आमच्या विद्यार्थ्याएवढा. हात जोडून, मोडक्या हिंदीत तो एवढेच म्हणाला, “साब, इधर का मिट्टी यही है.” आजवर शेकडो मुलांच्या खिशांतून चोरलेले खडू आम्ही काढून घेतले असतील, त्या दिवशी तीच पाळी आमच्यावर आली. तुकडा आम्ही होता तेथे ठेवला.

मग त्याने आम्हांला सरोवराची दुसरी बाजू दाखवली. तेथे प्रवाळांचे आकार होते, पण रंग नव्हते. करड्या शेवाळाची बुरशी चढलेले सांगाडे तेवढे उरले होते. प्रवाळांच्या देहात सूक्ष्म वनस्पती राहतात. त्याच त्यांना अन्न पुरवतात आणि रंगही देतात. पाणी प्रमाणाबाहेर तापले की प्रवाळ त्यांना बाहेर टाकतात आणि पांढरेफटक पडतात. पाणी लवकर निवले तर ते सावरतात. न निवले तर उपासमारीने मरतात. लक्षद्वीपवर हे संकट १९९८, २०१० आणि २०१६ साली आले, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात पुन्हा आले. अगत्ती, कदमत आणि कवरत्ती येथे संशोधकांनी १९९८ ते २०२२ या काळात निरीक्षणे केली; त्यांत जिवंत प्रवाळांचे आच्छादन सुमारे ३७ टक्क्यांवरून २० टक्क्यांच्या आत आलेले आढळले. दुखणे एकदा आले तर माणूस उठून बसतो. पण उठण्यापूर्वीच दुसरे आले, तर?

येथील लोकांनी मात्र समुद्राला ओरबाडलेले नाही. त्यांचा मुख्य धंदा कुप्याचा, आणि तो बांधाबाहेरच्या खोल समुद्रातला. सरोवरातली चिमुकली जिवंत मासळी आमिष म्हणून पाण्यात उधळायची आणि कुप्यांचा थवा वर आला की गळाच्या काठीने एकेक मासा उचलून होडीत टाकायचा, ही मिनिकॉय द्वीपाची जुनी पद्धत. उकडून, धुरी देऊन, वाळवून त्याचा लाकडासारखा टणक ‘मास’ करतात आणि तो दूरदूर जातो. या रीतीने बांधावरच्या माशांना पुष्कळ अभय मिळाले. पण आमिषाची मासळी सरोवरात वाढते, सरोवर बांधामुळे टिकते, आणि बांध प्रवाळांमुळे. साखळीची एक कडी तुटली की बाकीच्यांची शाश्वती काय? अलीकडे बांधावरच्या माशांनाही बाहेरून मागणी वाढू लागली आहे, आणि वाळू दळणारे मासे नाहीसे झाले तर जाते कोण फिरवणार? बंगारम कंकणद्वीपातील परळी-१ हे निर्जन बेट १९६८ साली सुमारे आठ एकरांचे होते; २०१७ साली पुढे आलेल्या अभ्यासात ते पूर्णपणे पाण्याखाली गेल्याचे दिसून आले. ‘पायाखालची वाळू सरकणे’ हा वाक्प्रचार आम्ही तीस वर्षे वर्गात शिकवला. त्याचा शब्दशः अर्थ असाही असेल, असे कधी वाटले नव्हते.

घरी आल्यावर सौभाग्यवतीने पिशव्या झटकल्या, तेव्हा चपलांच्या खाचांतून चिमूटभर पांढरी वाळू निघाली. प्रवाळ परत ठेवला, वाळू नकळत बरोबर आली. ती कागदाच्या पुडीत घेऊन आम्ही सातवीच्या वर्गात गेलो आणि हे काय, असे मुलांना विचारले. कोणी रांगोळी म्हणाले, कोणी मीठ. हे माशाच्या पोटातून आले आहे, असे सांगताच वर्ग खो खो हसला. मग आम्ही त्या द्वीपाची गोष्ट सांगितली. बांध, जाते, विहिरी आणि परळी. तास संपला तरी कोणी उठले नाही. पुडी सर्वांच्या हातांतून फिरून परत आली, तेव्हा तिच्यातला एकही कण सांडलेला नव्हता.