धारणीच्या ओसरीवर

मेळघाटातून परत आलेल्या माणसाला आमच्या वऱ्हाडात दोनच प्रश्न विचारतात. वाघ दिसला काय, आणि चिखलदऱ्याला थंडी किती होती? गेल्या पौषात मी चार दिवस धारणीला राहून आलो, तेव्हा या दोहोंपैकी एकाचेही उत्तर माझ्यापाशी नव्हते. वाघ दिसला नाही, आणि चिखलदऱ्याला मी गेलोच नाही. चारही दिवस आम्ही एका ओसरीवर बसून बंदुकीच्या नळीविषयी बोलत होतो, असे मी सांगितले तेव्हा शेजाऱ्यांनी माझ्याकडे जरा संशयानेच पाहिले. मराठीचा प्राध्यापक आणि बंदुकीची नळी, ही सोयरीक त्यांना काही पटेना. तेव्हा सगळी हकीकत सांगितलेलीच बरी.

धारणीला माझा कॉलेजातला वर्गमित्र शाळामास्तर आहे. आम्ही सारे त्याला गुरुजीच म्हणतो. त्याची मुलगी पुण्याला शिकते आणि बालेवाडीच्या मैदानावर .२२ रायफलीने पन्नास मीटरचा नेम मारते. गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून, असा तीन आसनांचा तो खेळ. कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला १ ऑगस्ट २०२४ रोजी ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक जिंकले, ते याच खेळात. त्या दिवसापासून गुरुजीच्या डोक्यात एकच विचार होता. मुलीची रायफल क्लबची, जुनी. क्लबवाले म्हणाले होते, "नवी नळी तुम्ही आणा, परवान्याचे आणि बसवून घेण्याचे आम्ही पाहतो." नळी परदेशातून यायची. हिशेब केला तर खर्च जवळजवळ एका बैलजोडीचा. आणि बैलजोडी गुरुजीच्या घरी होती.

"मामाजीले घेऊन ये बाप्पा," तो मला फोनवर म्हणाला, "त्यायनं सांगतलं की मंग मी कोनाचं आयकत नाई."

मामा म्हणजे माझे सख्खे मामा. मूळचे अचलपूरचे, पण बंगालातल्या ईशापूरच्या रायफल कारखान्यात सारी नोकरी झालेली. आता वय पंचाहत्तरच्या पुढे. चहाबरोबर मुरमुरे लागतात, एवढीच बंगालची खूण उरली आहे.

अमरावतीहून धारणी सुमारे दीडशे किलोमीटर. परतवाड्यापर्यंत कपाशी, तूर आणि संत्र्यांच्या बागा. पुढे घाट लागला की सागवानच सागवान. घटांग, सेमाडोह, कोलकास, हरिसाल अशी नावे घेत गाडी चालते आणि सिपना नदी कधी डाव्या हाताला, कधी उजव्या हाताला भेटत राहते. सिपना म्हणजे कोरकू भाषेत सागच. ही भाषा मराठीची नव्हे आणि हिंदीचीही नव्हे; तिची सख्खी भावंडे संथाळी आणि मुंडारी, पार झारखंडाकडे नांदतात. इतक्या दूर पश्चिमेला येऊन ही एकटी बहीण सातपुड्यात कशी राहिली, याचे मला नेहमी नवल वाटते. धारणीच्या बाजारात ती कानावर पडते, तिच्याबरोबर निमाडी हिंदी पडते आणि आपली वऱ्हाडीही. तापी ओलांडली की मध्य प्रदेश. एकाच दुकानदाराला तीन गिऱ्हाइकांशी तीन भाषांत घासाघीस करताना मी ऐकले. आमच्या भाषाशास्त्राच्या तासाला त्याला बोलवावे असे मनात आले, पण भाव उतरवायला तो कुठल्याच भाषेत तयार नव्हता.

आता या मुलखात बंदुकीची गोष्ट काढणे म्हणजे जरा चमत्कारिकच. मेळघाट हे देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी एक. १९७२ च्या कायद्याने शिकार गेली, आणि गेली हे फार चांगले झाले. परंतु नळीची विद्या आणि हा सातपुडा यांचा संबंध जुना आहे. तापीपलीकडच्या निमाडात १८६० नंतरच्या दशकात जेम्स फोर्सिथ नावाचा तरुण कॅप्टन जमीनमोजणीचा अधिकारी होता. सातपुड्याच्या जंगलांवरचे त्याचे पुस्तक १८७१ साली, त्याच्या मृत्यूच्याच वर्षी निघाले, आणि ते पुष्कळांना ठाऊक असते. त्याआधी त्याने रायफल आणि तिची गोळी यांवर एक स्वतंत्र पुस्तक लिहिले होते, ते मात्र मामांसारख्यांनाच ठाऊक. नळीच्या आत जे पिळाचे चरे कोरलेले असतात, त्यांनी गोळीला गिरकी मिळते आणि भोवऱ्यासारखी ती सरळ उभी राहते. फोर्सिथचे म्हणणे, वाटोळ्या गोळीला फार पीळ देऊ नका. १०४ इंचांत एक वेढा पुरे. पीळ जास्त झाला आणि दारू भरपूर असली तर शिसाची गोळी चरे सोडून सरळच बाहेर पडते.

"एकशे चार!" मामा म्हणाले, "आणि हिच्या रायफलीत सोळा इंचांत एक वेढा. कारण हिची गोळी लांबट. गोळी जितकी लांब, तितका पीळ जवळ जवळ पाहिजे."

वुलविचला तोफखान्याच्या मंडळींना गणित शिकवणाऱ्या ग्रीनहिलने १८७९ साली याचा हिशेब बसवून दिला. गोळीच्या जाडीचा वर्ग करा, त्याला १५० ने गुणा, लांबीने भागा. जो आकडा येईल तितक्या इंचांत एक वेढा. मुलीने तिथल्या तिथे वहीवर करून पाहिले. .२२ ची गोळी अर्ध्या इंचाहून जराशी आखूड. उत्तर सोळाच्या आसपास आले. तिला फार आनंद झाला. गुरुजीला मात्र गणितात गोडी नव्हती. त्याने परदेशी कारखान्यांच्या नावांची यादीच काढून ठेवली होती आणि कोणती नळी उत्तम, एवढेच त्याला हवे होते.

मामांनी यादी बाजूला ठेवली आणि नळी पारखायची कशी ते सांगू लागले. चरे पाडायच्या तीन रीती. एक, बारीक हत्याराने एकेक चरा थोडा थोडा खरवडत न्यायचा, फार वेळखाऊ. दुसरी, कठीण धातूची घुंडी नळीतून ओढून चरे दाबून उमटवायचे. तिसरी, आत साचा घालून नळी बाहेरून घणांनी ठोकून काढायची. तिन्ही रीतींनी उत्तम नळ्या होतात आणि तिन्ही रीतींनी टाकाऊही होतात, म्हणून जाहिरातीतल्या रीतीच्या नावाला भुलू नये. पोलादाचेही तसेच. मोठ्या काडतुसांत जाळ फार, तिथे स्टेनलेस पोलादाला महत्त्व; .२२ च्या मंद गोळीला त्याचे विशेष सोयरसुतक नाही.

"मंग पाहावं तं काय पाहावं, मामाजी?"

"मऊ शिसाची गुल्ली नळीत घालायची आणि कांडीने हळूहळू ढकलायची. हाताला कळते. सगळीकडे सारखी जड लागली तर नळी चांगली. तोंडाशी किंचित घट्ट लागली तर फारच चांगली. मध्येच सैल पडली आणि पुन्हा अडली, तर मग नाव कितीही मोठे असो, परत करा." चांगले कारखाने आतून शिसाने आणि घासणीच्या पिठाने हाताने मरवून मरवून हा सारखेपणा आणतात, पैसा तिथे जातो. मग तोंडाची कड. गोळीचा शेवटचा स्पर्श तिथे होतो. तिथे सफाईच्या कांडीने केसभर खरवडले असेल तरी प्रत्येक गोळी थोडी कलून निघते. आणि ही कड तर जुन्या नळीलाही नव्याने तासून देता येते. शेवटी काडतूस बसते ते घर. नळी कितीही भारी आणा, ते घर वेडेवाकडे कापले की सारे फुकट. "मिरजेचा भोपळा आणून तंबोरा आपल्या सुताराकडून करून घेतला तर चालेल काय?" मामा म्हणाले. बसवणारा कारागीर आधी शोधा, नळी नंतर.

हे ऐकून गुरुजी अधिकच उत्साहात आला. कारागीर पुण्याला मिळेल, नळी मागवू. बैलांना गिऱ्हाईक ठरलेच आहे, बाजारच्या दिवशी येणार. मागच्या गोठ्यात बैल रवंथ करीत होते. धाकटा भाऊ, जो शेत वाहतो, तो दाराशी उभा राहून ऐकत होता. तो एक शब्दही बोलला नाही. वहिनी चहाचे कप उचलून आत गेल्या, त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

रायफल अर्थातच पुण्याला, क्लबच्या कोठारात. परवान्याच्या बंदुकीचे असेच असते. शस्त्रकायद्याला सुटी नळीसुद्धा शस्त्रच. परंतु मुलीने येताना कागदी लक्ष्यांचा एक गठ्ठा आणला होता. वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकवून, दहा दहा गोळ्यांचे पुंजके मारलेले. मामांनी फोनवरून तेवढेच एक काम सांगितले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ते कागद ओसरीवर उन्हात पसरले, चष्मा पुसला आणि फूटपट्टी मागितली.

पन्नास मीटरच्या लक्ष्यात दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे. गोळी ५.६ मिलिमीटर. रेषेला नुसती शिवली तरी दहा मिळतात. म्हणजे सगळ्या भोकांचा पुंजका या कडेपासून त्या कडेपर्यंत २१.६ मिलिमीटरच्या आत असला की नळी आणि काडतुसाने आपले काम केले. पुढचे माणसाचे. मामा एकेक कागद मोजून कोपऱ्यात आकडा लिहीत गेले. अठरा. सत्तावीस. एकोणीस. एकोणतीस. गुरुजीचा चेहरा पडत चालला. "पाय, मी म्हनत नव्हतो? नळी गेली."

मामांनी त्याच्याकडे लक्ष दिले नाही. "बाई, या कागदांमागे 'अ' आणि 'ब' काय लिहिले आहे?"

"काडतुसांचे लॉट, आजोबा. दोन निरनिराळ्या खोक्यांतली होती."

मामांनी कागद दोन ढिगांत लावले. 'अ'चे पाच: अठरा, एकोणीस, अठरा, वीस, एकोणीस. 'ब'चे पाच: सत्तावीसपासून एकोणतीसपर्यंत, आणि पुंजके उभट, वरखाली ताणलेले. आमच्यासारख्या अडाण्यालाही फरक दिसला. काडतुसाकाडतुसांत वेग कमीजास्त झाला की गोळ्या वरखाली पडतात. नळीचा त्यात दोष नाही. एकाच कंपनीची, एकाच नावाची काडतुसे असली तरी एका लॉटची एखाद्या नळीला मानवतात, दुसऱ्या लॉटची मानवत नाहीत. मोठे नेमबाज काडतुसांच्या कारखान्यातच रायफल घेऊन जातात आणि लॉट पारखून खोकी उचलतात, ती याचसाठी.

"बिघडलेली नळी पाच वेळा ओळीने वीसच्या आत मारत नाही," मामा म्हणाले. ".२२ ची नळी शिसाच्या गोळीने सहसा झिजत नाही, वेड्यावाकड्या सफाईने नासते. ही नासलेली नाही."

गुरुजी गप्प झाला. मला वाटले होते, पैसे वाचले म्हणून तो हसेल. तो हसला नाही. बऱ्याच वेळाने म्हणाला, "म्हंजे पोरीसाठी माह्याकून काईच नाई लागत?" त्याच्या आवाजात असे काही होते की मामांनीसुद्धा फूटपट्टी खाली ठेवली. मुलगी उठून त्याच्या शेजारी जाऊन बसली. "बाबा, काडतुसं काय फुकट भेटतात? 'अ' लॉटची जेवढी मिळतील तेवढी घ्या लागतील. आन् स्पर्धेले जायचं भाडं." मग ती बोटांवर हिशेब सांगू लागली, आणि हिशेब बैलजोडीएवढा नसला तरी काही लहान नव्हता. गुरुजीने वही मागून घेतली आणि एकेक रक्कम स्वतःच्या अक्षरात उतरवली.

संध्याकाळी मामांनी तिला सफाईची कांडी तोंडाकडून न घालता मागून कशी घालायची ते शिकवले, रायफलीऐवजी वहिनींची फुंकणी घेऊन. नेमबाजीच्या राष्ट्रीय संघटनेचे, १९५१ साली, पहिले अध्यक्ष लोकसभेचे पहिले सभापती मावळणकर होते, ही माहिती मी मध्येच पुरवली. कुणी तिकडे फारसे लक्ष दिले नाही. बाजाराच्या दिवशी बैलांचे गिऱ्हाईक आले. धाकट्या भावाने त्याला दारातच चहा पाजला आणि वाटेला लावले.

पोळ्याला गुरुजीचे पत्र आले. हा गृहस्थ अजून पोस्टकार्ड लिहितो. बैलांची शिंगे यंदा हिरवी रंगवली, पाऊस बरा आहे, सोयाबीन मात्र पिवळे पडले. 'अ' लॉटची चारच खोकी मिळाली, बाकीची कुणीतरी आधीच नेली. खाली जागा संपली म्हणून कडेला आडवे लिहिले होते: पोरगी पालथ्या आसनात पहिल्यापेक्षा पाच गुणांनी वर आली आहे, उभ्या आसनात आहे तिथेच आहे, आणि मामाजींना विचार की उभ्यासाठी काय घ्यावे लागते.