तळाचे फूल

विद्यालयातून बाहेर पडलो तेव्हा वंदनेतील पुष्पपूजेचे शब्द आम्हांस पाठ होते. अर्थ मात्र निरगुडसरच्या दहा गुंठ्यांत कळला. नोकरीची वाट न पाहता आम्ही दोघा भावंडांनी आषाढात तेथे झेंडू लावला. पदरची शिल्लक रोपे आणि ठिबक यांतच संपली. दोन महिन्यांनी तोडा सुरू झाला, आणि दसरा सरताच भाव कोसळला.

तोडलेले फूल भावासाठी थांबत नाही. अनित्यता ही अशी रोजच्या हिशेबात उतरली. कालचा माल क्रेटच्या तळाशी घालावा, वजनासाठी पाणी मारावे, असे सल्ले मिळाले. तथागतांनी अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविका का सांगितली, हे तेव्हा उमगले. तळाचे फूल वरच्याइतकेच ताजे ठेवायचे आणि तोडणाऱ्या बायांची मजुरी त्याच दिवशी द्यायची, हे दोन नियम आम्ही धरले. पहिल्या हंगामात हाती फारसे उरले नाही. पण पुण्याच्या मार्केट यार्डातील आडत्याने आमचे क्रेट उपसून पाहणे सोडले.

श्रद्धा आणि व्यापार यांचे नाते आपल्या परिसराला नवे नाही. सुमारे २००० वर्षांपूर्वी धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पाण्याचे टाके दान दिल्याचा शिलालेख जुन्नरला आहे. तेवढे दान देण्याची आमची ऐपत नाही. तूर्त दर पौर्णिमेला आम्ही विहारात फुले पोचवतो; तीही त्याच क्रेटमधली.