रनाळ्याच्या ओट्यावरची चेटकीण

नाथमाधवांची ‘वीरधवल’ मी पहिल्यांदा वाचली ती मोठ्याने, आणि दुसऱ्यांसाठी. नंदुरबारकडच्या रनाळ्यात आमच्या घराला ओटा होता, समोर निंब. संध्याकाळी वीज गेली की कंदील यायचा, मोठी माय भिंतीला टेकून बसायची, शेजारच्या काकू यायच्या आणि मला फर्मान सुटायचं, ‘वाच रे भाऊ.’ पुस्तकं होती धुळ्याला नोकरी केलेल्या चुलत आजोबांच्या पेटीतली. बहुतेकांचे पुठ्ठे गेलेले, काहींची पहिली पानंच नाहीत. राजपुत्र, राजकन्या, भुयारं, मंत्र, विषाचे प्याले आणि शेवटपर्यंत दडवून ठेवलेलं कुणाचं तरी जन्मरहस्य. अशी पुस्तकं त्या पेटीत भरपूर होती.

ओट्यावरचे सगळे अहिराणी बोलणारे आणि पुस्तकातली मराठी संस्कृत शब्दांनी ठासून भरलेली. तरी कुणी कंटाळलं नाही. मी एक परिच्छेद वाचायचो आणि लगेच आमच्या बोलीत सांगायचो. उद्यानाचं, चांदण्याचं वर्णन लांबलं की मोठी माय हाताने ‘पुढे’ अशी खूण करायची. पण कोण कुणाचा मुलगा, तळघरात कोण कोंडलंय, अंगठी कुणी चोरली, यातलं एक अक्षर गाळू द्यायची नाही. मी दम घ्यायला थांबलो की लगेच, ‘मंग काय व्हयनं?’ गोष्ट कुठे पकडते आणि कुठे सैल पडते, हे मला त्या प्रश्नाने शिकवलं.

नाथमाधव म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे. 1882 ते 1928 एवढंच त्यांचं आयुष्य. ऐन तारुण्यात सिंहगडावर शिकारीला गेले असताना कड्यावरून पडले आणि कमरेखालचं शरीर लुळं झालं. त्यानंतर ते कादंबऱ्या लिहू लागले. जागचं हलता न येणाऱ्या माणसाने घोडदौडी, कडे, दऱ्या आणि पाठलाग लिहिले, आणि पुढे स्वराज्याच्या स्थापनेवर कादंबऱ्यांची मोठी मालाही लिहिली. मला हे फार पुढे कळलं. कळल्यावर ‘वीरधवल’ मी पुन्हा वाचली, आणि या वेळी उद्यानाचं वर्णनही सोडलं नाही.

कॉलेजात मात्र या पुस्तकांचा उल्लेख ‘अद्भुतरम्य’ असा एका शब्दात उरकला जायचा. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ 1861 ची, त्याच दशकात नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’, मग 1871 मध्ये पुस्तकरूपाने आलेली रा. भि. गुंजीकरांची ‘मोचनगड’, तिथून खरी ऐतिहासिक कादंबरी सुरू झाली. आधीचं सगळं बालपण, असा सूर. मला तो कधीच पटला नाही. रिसबुडांनी आपल्या प्रस्तावनेत स्वच्छ सांगितलं आहे की आपल्याकडची लग्नाची रीत आणि एकूण जगणंच असं आहे की रोजच्या अनुभवात मनोरंजक काही सापडत नाही, म्हणून लेखकाला अद्भुताकडे वळावं लागतं. मुलींची लग्नं त्या खेळत्या असतानाच उरकली जात होती, तो हा काळ. प्रेम जमायला, एकमेकांना निवडायला जागाच नव्हती. ती जागा या लेखकांनी काल्पनिक राज्यात काढली. आमच्या ओट्यावर बसलेल्या बायांपैकी एकीलाही नवरा निवडायला मिळाला नव्हता. राजकन्या महालाबाहेर पडून आपल्या मनाप्रमाणे वर निवडते तिथे त्या पुढे सरकून बसत. ते मी पाहिलं आहे, म्हणून त्या पुस्तकांना कुणी पोरकट म्हटलं की मला राग येतो.

मी नववीत असतानाची गोष्ट. मिरचीचा हंगाम चालू होता. नंदुरबारकडे मिरची वाळत घालायच्या मोठमोठ्या पथाऱ्या लागतात. लांबून लाल गालिचा दिसतो, पण आत पाऊल टाकलं की ठसका लागतो आणि डोळे चुरचुरतात. त्या कामाला सातपुड्यातून मजूर येत. त्यातली एक बाई संध्याकाळी आमच्या ओट्याच्या शेवटच्या पायरीवर येऊन बसू लागली. वर ये म्हटलं तरी यायची नाही. पदराने डोळे पुसत ऐकायची. मिरची तिच्या हातांतून जातच नसे.

त्या दिवसांत मी एक नाव नसलेली कादंबरी वाचत होतो, पहिली पानं गेलेली. तिच्यात डोंगरातल्या गुहेत राहणारी एक चेटकीण होती. राजपुत्राच्या दुधात ती काहीतरी मिसळते, असं प्रकरण आलं. मी आवाज घोगरा करून वाचलं. काकू शहारल्या. पायरीवरची बाई उठून गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही.

मग मोठ्या मायने मला आत बोलावून सांगितलं. त्या बाईचा नवरा वारला होता. पुढे दिराचं मूल तापाने गेलं. भगताने हिचं नाव घेतलं. पाड्याने तिला डाकीण ठरवलं, मारलं आणि हाकलून दिलं. मी घाबरून विचारलं, ती खरंच डाकीण आहे का? मोठी माय म्हणाली, ‘डाकीण कसानी? एकली शे ती, आनि तिनी जमीन शे.’

एवढ्या दोन गोष्टी. कादंबरीतलं रहस्य उलगडायला तीनशे पानं लागतात. या रहस्याला एक ओळ पुरली. नवऱ्यामागे राहिलेला जमिनीचा तुकडा बाईच्या नावावर जाऊ नये, म्हणून मेलेल्या मुलाचं खापर तिच्यावर फोडलं गेलं.

मोठी माय स्वतः पथारीवर जाऊन तिला घेऊन आली आणि मला म्हणाली, शेवट वाच. शेवटी ती चेटकीण राजाची टाकलेली राणी निघते. तिचं माहेरचं राज्य राजाने गिळलेलं असतं. राजपुत्र तिला क्षमा करतो आणि ती प्राण सोडते. काकूंनी डोळे पुसले. त्या बाईने आपल्या बोलीत एवढंच विचारलं, ‘क्षमा केली, पण तिचं राज्य तिला का नाही दिलं?’ पुस्तकात त्याचं उत्तर नव्हतं. पुढे वाचलेल्या या जातीच्या कुठल्याच कादंबरीत मला ते सापडलं नाही.

महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला 2013 मध्ये, डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यानंतर. एखाद्या माणसावर करणी-चेटकाचा आळ घेऊन त्याचा छळ करणं हा त्या कायद्याने गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि 5,000 ते 50,000 रुपये दंड. ती बाई त्याच्या कितीतरी आधीची. पुढच्या हंगामात ती आली नाही.

अलीकडे मराठीत पुन्हा इतिहास, जादू आणि प्रेम एकत्र गुंफणाऱ्या कादंबऱ्या लिहाव्यात असं वाटणारी तरुण मंडळी भेटतात. त्यांच्या डोक्यात परदेशी किल्ले आणि बर्फाळ राज्यं असतात. त्यांनी आमच्याकडे यावं. थाळनेरला तापीकाठी फारुकी सुलतानांच्या कबरी आहेत. तिथल्या किल्लेदाराला, तुळशीराम मामाला, 27 फेब्रुवारी 1818 रोजी किल्ला पडल्यावर इंग्रजांनी त्याच दिवशी फासावर चढवलं. अंबापाणीला एप्रिल 1858 मध्ये खाज्या नाईकांचे भिल्ल इंग्रजांशी लढले आणि त्यांच्या बायका कैद झाल्या. तोरणमाळच्या पठारावर गोरखनाथ-मच्छिंद्रनाथांच्या कथा अजून सांगितल्या जातात. प्रेम, दगा, गुपित, चमत्कार, काही कमी नाही.

फक्त चेटकीण लिहाल तेव्हा एक करा. तिला नाव द्या, गाव द्या, ती चेटकीण कुणी आणि कशासाठी ठरवली ते लिहा, आणि शेवटच्या प्रकरणात तिची जमीन तिच्या नावावर करून द्या.