मुकी कणगी

कपाट विकत घ्यायला गेलेला माणूस त्यात किती मावते ते विचारतो, किती वर्षे टिकेल ते विचारतो, आणि फारच व्यवहारी असला तर कुलूप दोनदा ओढून पाहतो. ते रात्री बोलते का, असे मात्र कोणी विचारीत नाही. कपाटे बोलत नाहीत, अशी आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे. ती सोडून देण्याची वेळ गेल्या पावसाळ्यात माझ्यावर आली. मला हवे असलेले कपाट विजेवर चालणारे होते, त्याच्या पोटात मिनिटाला ५,४०० फेरे घेणाऱ्या दोन डिस्का बसायच्या होत्या, आणि ते ठेवायला घरात जागा एकच होती : बाहेरच्या खोलीत, माझ्या सासऱ्यांच्या पलंगापासून चार हातांवर.

या कपाटाला जाणकार लोक ‘नेटवर्क अटॅच्ड स्टोरेज’ म्हणतात. एवढे लांब नाव रोज घेणे कोणालाच परवडत नाही, म्हणून त्याचे ‘नॅस’ झाले. आमच्या चिरंजीवांनी जेवताना तो शब्द उच्चारला तेव्हा सासऱ्यांना, म्हणजे साऱ्या घराच्या अण्णांना, तो ‘नस’ असा ऐकू आला आणि कोणाची नस आखडली म्हणून त्यांनी काळजीने चौकशी केली. मी मनाशी त्याला कणगी म्हणते. सुगीचे धान्य एकदा कणगीत भरले, की वर्षभर घरातल्या कोणीही यावे आणि लागेल तेवढे काढावे. या पेटीचेही तसेच आहे. ती इंटरनेटच्या राउटरला एका तारेने जोडून ठेवायची; मग घरातल्या कोणत्याही संगणकाने किंवा फोनने तिच्यात ठेवावे, तिच्यातून घ्यावे. राउटर बाहेरच्या खोलीत, म्हणून पेटीही बाहेरच्या खोलीत. तार घरभर फिरवून ती आत नेता आली असती. पण आत म्हणजे स्वयंपाकघर, आणि फोडणीच्या धुरात यंत्र ठेवण्याइतकी मी अजून आधुनिक झालेली नाही.

मराठी शिकविणाऱ्या बाईला एवढे धान्य कुठून आले, असे कोणी विचारील. माझे विद्यार्थी गेली दहा वर्षे सातारा-कोरेगावच्या बाजूला हिंडून जात्यावरच्या ओव्या, उखाणे आणि हादग्याची गाणी टिपून आणतात. पूर्वी ते वहीत टिपीत. आता फोनवर चित्रासकट टिपतात, आणि चित्र फार जागा खाते. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी लाखाच्या वर ओव्या जमविल्या, आणि ‘पारी’ने त्या २०१७ पासून इंटरनेटवर सर्वांना खुल्या केल्या. त्या डोंगरापुढे आमचे म्हणजे मूठभर जोंधळे. तरीही भरले दीड टेराबाइट.

त्यातला सर्वांत लहान वाटा माझ्या लेखी सर्वांत मोठा. सासूबाईंच्या धाकट्या भावाने १९९५ आणि १९९६ च्या उन्हाळ्यांत वाड्यावरच्या बायकांच्या ओव्या टेपरेकॉर्डरवर घेतल्या होत्या. तासातासाच्या अशा २३ कॅसेटी. त्या संगणकात उतरविल्या तेव्हा एका कॅसेटीला सुमारे ६३५ मेगाबाइट, म्हणजे साऱ्या मिळून १५ गिगाबाइटही झाल्या नाहीत. खिशातल्या पेनड्राइव्हमध्ये मावतील. सासूबाई २०१९ मध्ये गेल्या. त्यानंतर त्या कॅसेटींचा विषय अण्णांपुढे कोणी काढला नव्हता.

मग पेनड्राइव्हवरच का भागविले नाही? आमच्या विभागातल्या एका मित्राची सहा वर्षांची क्षेत्रीय ध्वनिमुद्रणे एका डिस्कवर होती. ती टेबलावरून पडली. दुरुस्ती करणाऱ्याने ती आठवडाभर ठेवून घेतली, आणि नातेवाइकांना डॉक्टर ज्या स्वरात सांगतात त्या स्वरात ‘काही निघत नाही’ म्हणून परत दिली. त्या गाणाऱ्या बायकांपैकी निम्म्या आता हयात नाहीत. हे ऐकल्यापासून एका वस्तूवर एकच प्रत ही कल्पना मला सहन होईना. दूरच्या कंपनीच्या कोठारात महिन्याच्या भाड्याने जागा मिळते हे खरे, पण भाडे थकले की बिऱ्हाड रस्त्यावर. आणि ते आयुष्यभर भरायचे.

तर पेटी घ्यायची आणि ती मुकी घ्यायची, एवढे ठरले. अण्णांची झोप म्हणजे पिंपळाचे पान. एसटीच्या आगारात ३४ वर्षे मेकॅनिक म्हणून काढलेला हा माणूस. दिवसभर इंजिने ऐकून कान बधिर व्हायचे, ते उलट तिखट झाले. फ्रिज थांबला तरी त्यांना जाग येते.

आवाजाचा अभ्यास करू लागले तेव्हा कळले, की पेटी स्वतः फार बोलत नाही. तिचा लहानसा पंखा फक्त सुस्कारे टाकतो. बोलतात त्या आतल्या डिस्का. पेटीच्या माहितीपत्रकात वीसच्या आसपास डेसिबल लिहिलेले असते, पण ते ठरावीक डिस्का घालून, ठरावीक अंतरावरून मोजलेले. डिस्कवाले मोजतात निराळ्या रीतीने. शिवाय डेसिबलचा हिशेब साधा नाही : दहाने आकडा वाढला तर ध्वनीची शक्ती दहापट होते, आणि कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. मोठ्या क्षमतेच्या, मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्का वेगवान खऱ्या, पण त्यांची सुई जागा बदलताना कोणी खिशात सुपाऱ्या खुळखुळवाव्यात तसा आवाज येतो. काही तर रिकाम्या बसल्या असतानाही दर पाच सेकंदांनी एकदा ‘टक्’ करतात. तो बिघाड नव्हे, तशी त्यांची रचनाच असते. पण रात्री दोन वाजता ही समजूत अण्णांना कोण घालणार?

आवाज मुळीच नको असेल तर फिरणारे काही नसलेल्या, चिपांच्या डिस्का मिळतात. त्यांच्या किमती ऐकून मीच मुकी झाले. शेवटी चार-चार टेराबाइटच्या दोन, हळू फिरणाऱ्या डिस्का आणि दोन खणांची पेटी यांवर गाडी थांबली.

डिस्क घेताना आणखी एक गोष्ट पाहावी लागते. काही डिस्कांत माहितीच्या पट्ट्या मंगलोरी कौलांसारख्या एकीवर एक चढवून बसविलेल्या असतात. थोड्या जागेत जास्त मावते. पण मधले एक कौल बदलायचे तर शेजारची उचलावी लागतात आणि काम रखडते. अशा पेट्यांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या आपल्या काही डिस्का या कौलारू जातीच्या आहेत, हे वेस्टर्न डिजिटल कंपनीने २०२० मध्ये, ग्राहकांनी गिल्ला केल्यावर यादी देऊन सांगितले. मी दुकानात ‘कौलारू नको, सपाट पट्ट्यांची द्या’ म्हटले. दुकानदाराने माझ्याकडे न बघता यजमानांकडे बघितले आणि ‘साहेब, सीएमआर ना?’ असे विचारले. साहेब त्या वेळी फोनवर सामन्याचा धावफलक पाहत होते. ते ‘हो’ म्हणाले. पुढचे सारे प्रश्नही दुकानदाराने त्यांनाच विचारले आणि उत्तरे मी दिली. व्यवहार उत्तम झाला.

घरी आणून जोडणी केली. डिस्का खणांत सरकविल्या, तार लावली, संगणकावर पेटीचे पान उघडले. तिने विचारले, दोन डिस्का वेगवेगळ्या वापरायच्या की आरशासारख्या? आरशासारख्या म्हणजे एकीवर जे लिहिले जाईल तेच दुसरीवर; एक मेली तरी दुसरी घर चालविते. मी आरसा निवडला. चार टेराबाइटपैकी संगणकाला ३.६ च दिसले. यात लबाडी कोणाची नाही. विकणारा हजाराच्या मापाने मोजतो, संगणक १,०२४ च्या. दोन गावच्या पायल्यांचा जुनाच तंटा!

पहिल्या दिवशी फायली मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या. सेकंदाला ११ मेगाबाइट. या वेगाने दीड टेराबाइटला दीड दिवसाच्या वर लागले असते. तारेत आठ धागे असतात. ती घालणाऱ्या कारागिराने चारच जोडले होते. तार बदलली, वेग दहापट झाला. वीज जाताच पेटी एकदम बंद पडू नये म्हणून लहानसा यूपीएसही जोडला. इन्व्हर्टर घरात आहे, पण तो जागा होईपर्यंत दिवे एकदा डोळा मिटतात. तेवढी डुलकी पेटीला बाधू शकते.

आणि रात्री ती बोलू लागली. पंखा नव्हे, टकटक नव्हे. एक खर्जातला घुमारा, दूर कुठे चक्की चालावी तसा. माहितीपत्रकातल्या कोणत्याच आकड्यात तो बसेना. मी सकाळपर्यंत थांबायचे ठरविले. अण्णा उठले, त्यांनी एक लांब स्क्रू ड्रायव्हर आणला, त्याचे टोक पेटीला लावले आणि मूठ कानाला. मग टोक फळीला लावले.

“पेटी ब्येस हाय, पोरी. फळी घुमतीया.”

इंजिनातला बिघाड हुडकण्याची ही मेकॅनिकांची जुनी रीत. डिस्कांची थरथर पायांतून फळीत उतरत होती आणि पोकळ फळी तंबोऱ्याच्या भोपळ्याचे काम करीत होती. अण्णांनी सायकलची जुनी ट्यूब कापली, चार घड्या करून चारही पायांखाली सारल्या आणि त्यांच्याखाली एक जड शहाबादी फरशीचा तुकडा. घुमारा गेला. त्या दिवसापासून पेटी अण्णांची झाली. तिच्यावरची धूळ माझ्या आधी ते पुसतात.

उरलेले काम घड्याळाचे होते. या यंत्रांना आपली तपासणी, नकला वगैरे रात्री उरकण्याची खोड असते. ती ऑफिसात राहतात, असे त्यांना घडविणाऱ्यांनी गृहीत धरलेले असते. मी सारी कामे सकाळी अकराची लावली, तेव्हा अण्णा पारावर असतात. पेटीचे दार बाहेरच्या जगाला उघडेही ठेवले नाही. जानेवारी २०२२ मध्ये ‘डेडबोल्ट’ नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमने क्यूनॅप कंपनीच्या, थेट इंटरनेटवर उघड्या असलेल्या हजारो पेट्यांतील फायलींना कुलपे घातली होती. आरसा अशा वेळी कामाचा नाही. एकीवरची फाइल पुसली गेली की आरशातलीही पुसली जाते. म्हणून तिसरी प्रत वेगळ्या डिस्कवर, वेगळ्या गावी : इचलकरंजीला वन्संच्या कपाटात. मागांच्या खडखडाटात झोपणाऱ्या घराला डिस्कचा आवाज काय सांगावा! शिवाय तिथे ती बंदच असते.

माझ्या एम. ए. च्या काळातले टिपणही आत टाकले. ते जुन्या फाँटमध्ये टंकलेले. फाँट नसेल तर मराठीऐवजी रोमन अक्षरांचा चिवडा दिसतो. पेटीने चिवडा इमानाने जपला असता. तिला राखता येते, वाचता येत नाही. ते सारे युनिकोडमध्ये आणण्यात दसऱ्याची सुट्टी गेली.

नवरात्रात एका संध्याकाळी अण्णांनी ट्यूबच्या घड्या चाचपता चाचपता विचारले, “ह्यात तिचं गाणं हाय म्हणं?”

मी हेडफोन दिला. तेव्हापासून रोज जेवणानंतर एक बाजू, अर्धा तास. मी वही घेऊन शेजारी बसते. मामांनी कॅसेटींवर नावे लिहिली होती खरी, पण जात्याला दोघी समोरासमोर बसतात, एक ओवी उचलते, दुसरी झेलते; एका नावात दोघी कशा मावणार? अण्णा गळा ओळखत नाहीत, श्वास ओळखतात. ओढ घेताना कोण कुठे थांबते, ते. “ही थोरली वहिनी.” “ही कुंभाराची सून, ती लवकर दमायची.”

सासूबाईंचे नाव चार कॅसेटींवर होते. त्यांतल्या दोन अण्णांनी सपशेल नाकारल्या. त्या थोरल्या जाऊबाईंच्या आहेत. पाच वर्षे आम्ही ज्या आवाजाला सासूबाई समजून फोनवर जपत होतो, तो त्यांचा नव्हता. चिरंजीवांनी वाद घातला; अण्णा फक्त म्हणाले, “चाळीस वर्सं मी ऐकलंय.” पण १७ नंबरच्या कॅसेटीला, जिच्यावर मामांनी नुसते ‘इतर’ लिहिले होते, ते दुसऱ्या बाजूला एकदम सरळ बसले. झेलणारी ती होती. त्यांनी तो भाग पुन्हा लावायला सांगितला नाही. माझ्या वहीत बोट ठेवून ते म्हणाले, “हितं लिही.” मी लिहिले, आणि त्याच रात्री फाइलचे नाव बदलले, दुसऱ्या दिवशी अकराला नक्कल झाली.

आता २३ पैकी १९ कॅसेटींवरची नावे लागली आहेत. दोन आवाज अण्णांनाही सापडत नाहीत. त्यांतला एक वाईकडचा असावा, असा त्यांचा तर्क आहे. शब्दांचे हेल तिकडचे आहेत. भाऊबीजेला इचलकरंजीला डिस्क न्यायची आहेच. तेव्हा तो तुकडा फोनवर घेऊन जाईन. वन्संच्या सासूबाई वाईच्या.