सरपंच कोण निवडतो?

महाराष्ट्रातल्या शाळांत नागरिकशास्त्र इतिहासाच्या पाठीला बांधून येते. सहावीला स्थानिक शासनसंस्था, सातवीला संविधानाची ओळख, आठवीला संसदीय शासनपद्धती असा क्रम आहे. नववीपासून त्याचे नाव राज्यशास्त्र होते. दहावीला इतिहास आणि राज्यशास्त्र मिळून ४० गुणांची एकच प्रश्नपत्रिका असते आणि तिच्यात मोठा वाटा इतिहासाचा असतो. पुस्तकातही नागरिकशास्त्र मागच्या बाजूला छापलेले असते. त्यामुळे बहुतेक वर्गांत आधी इतिहास उरकतो आणि तास उरले तर ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद घाईघाईने पार पडतात. प्रस्तुत लेखक जिल्हा परिषदेच्या शाळेत सामाजिक शास्त्रे शिकवतो. तोही वर्षानुवर्षे हेच करत आला.

सहावीचे नवे पुस्तक २०१६ मध्ये आले. ग्रामपंचायतीच्या पाठातली माहिती सरळ होती: सदस्यसंख्या किमान ७ व कमाल १७, निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव, मुदत पाच वर्षे, आणि निवडून आलेले सदस्य आपल्यातून सरपंच व उपसरपंच निवडतात. पुढच्याच वर्षी, जुलै २०१७ मध्ये, राज्य सरकारने सरपंच थेट मतदारांनी निवडावा असा निर्णय घेतला. १ जानेवारी १९९५ नंतर जन्मलेल्या उमेदवाराला सातवी उत्तीर्ण असण्याची अटही तेव्हाच आली. उपसरपंचाची निवड सदस्यांकडेच राहिली. दिवाळीच्या तोंडावर, ऑक्टोबरमध्ये, राज्यातल्या हजारो ग्रामपंचायतींत या पद्धतीने पहिल्यांदा मतदान झाले.

दिवाळीच्या तोंडावरच शाळांत पहिल्या सत्राचे संकलित मूल्यमापन असते. त्या वर्षी सहावीच्या प्रश्नपत्रिकेत एका वाक्याचा, एका गुणाचा प्रश्न होता: सरपंचाची निवड कोण करते? प्रश्न लेखकानेच काढला होता, पाठाखालच्या स्वाध्यायाकडे बघत. एका मुलीने लिहिले, ‘सरपंचाची निवड गावातील मतदार करतात.’ लेखकाने त्यावर लाल शाईने फुली मारली आणि शेजारी शून्य मांडले.

हे शून्य कोणी मांडले, ते नीट सांगितले पाहिजे. त्याच आठवड्यात लेखक तालुक्यातल्या दुसऱ्या एका गावी निवडणुकीच्या ड्यूटीवर होता. आदल्या दिवशी तहसीलमधून साहित्य ताब्यात घेणे, रात्री शाळेच्याच वर्गात मुक्काम, पहाटे यंत्रांची जोडणी, मग दिवसभर मतदारांच्या बोटाला शाई. येणाऱ्या प्रत्येक म्हातारीला तो स्वतःच्या तोंडाने समजावत होता, ‘आजी, सरपंचाचं बटण वेगळं, मेंबरांचं वेगळं. दोन्हीकडं दाबा.’ पेपर तपासायला बसला तेव्हा त्या शाईचा काळपट डाग त्याच्या अंगठ्यावर आणि दोन बोटांवर होता. डाग असलेल्या त्याच हाताने फुली मारली गेली, आणि फुली मारताना हात जरासुद्धा अडखळला नाही.

पेपर वाटल्यावर मुलगी टेबलाजवळ आली. रडली नाही, भांडली नाही. ‘सर, माझी थोरली काकू उभी होती सरपंचाला. आईनं मत दिलं की तिला.’ लेखकाने पुस्तक उघडून ओळ दाखवली. मुलीने ओळ वाचली, पुन्हा एकदा वाचली आणि विचारले, ‘मग काकू पडली ती कशात?’ वर्ग हसला. लेखकही हसला. गुण मात्र वाढला नाही. परीक्षेत पुस्तकाबाहेरचे उत्तर मान्य करायला लागलो तर ताळतंत्र राहणार नाही, असा त्याचा त्या वेळचा युक्तिवाद होता. आठवीपर्यंत कोणाला नापास करत नाहीत, एका गुणाने काय अडते, हे त्याने स्वतःची समजूत घालायला वापरले. दोन्ही कारणे तेव्हा पटली होती. आता त्यांतले एकही सांगायला जीभ रेटत नाही.

पुढचा भाग राज्याच्या विधिमंडळाने लिहिला. सरकार बदलल्यावर २०२० मध्ये थेट निवड रद्द झाली आणि सरपंच पुन्हा सदस्यांतून निवडायचे ठरले. पुस्तक बरोबर, मुलगी चूक. तेव्हा ती आठवीत होती. व्हरांड्यात गाठून तिने विचारले, ‘सर, आता तो गुण बरोबर कापला म्हणायचा का?’ खरे सांगायचे तर लेखकाला ती बातमी वाचून हायसे वाटले होते, आणि तिच्या प्रश्नाने त्या हायसे वाटण्याची लाज वाटली. जानेवारी २०२१ मध्ये सदस्यांची निवडणूक झालेल्या गावांत सरपंच सदस्यांनी निवडले. २०१७ मध्ये थेट निवडून आलेले शेजारच्या गावांतले सरपंच मात्र मुदत संपेपर्यंत खुर्चीवर होते. म्हणजे एकाच तालुक्यात ओढ्याच्या अलीकडे एक उत्तर खरे आणि पलीकडे दुसरे. सरकार पुन्हा बदलले आणि जुलै २०२२ मध्ये थेट निवड परत आली. मुलगी तोवर दहावी होऊन शाळेतून गेली होती.

नागरिकशास्त्र शिकवण्यातली अडचण ही अशी आहे. पानिपतची लढाई १७६१ मध्ये झाली, ते कोणत्याही अधिवेशनात बदलत नाही. पंचायतीचा कायदा बदलतो, आणि तो बदल पुस्तकाआधी मुलांच्या घरी पोचतो. ग्रामसभेचेही तसेच. तिची गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी कमी असेल ती. हा नियम पाठ करून घेतलेला वर्ग लेखकाने एका २६ जानेवारीला झेंडावंदनानंतर पंचायतीसमोर नेला. मुलांनी बोटे दाखवत माणसे मोजली. एकेचाळीस भरली. सभा तहकूब झाली. तहकूब सभेला मग गणपूर्ती लागत नाही, हे पाठात कुठे येत नव्हते. ते मुलांना पारावरच्या म्हाताऱ्यांनी सांगितले.

त्यानंतर लेखकाने प्रश्नपत्रिकेतला प्रश्न बदलला. ‘तुमच्या गावचा सध्याचा सरपंच कोणत्या पद्धतीने निवडला गेला?’ असे तो आता विचारतो. उत्तर घरी विचारून लिहिले तरी चालते. ग्रामपंचायतीचा पाठ तो जूनमध्ये, इतिहासाच्या आधी घेतो. शिष्यवृत्तीला किंवा बाहेरून प्रश्नपत्रिका येणाऱ्या कुठल्याही परीक्षेला बसणाऱ्या मुलांना मात्र आदल्या दिवशी तोच सांगतो, ‘उद्या पुस्तकात आहे तेच लिहा.’