नादारीची नोंद किती काळ दिसावी?

मराठी वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवरच्या ताबा नोटिसा मी अनेक वर्षे वाचत आलो आहे. कर्जदाराचे पूर्ण नाव, पुष्कळदा सहकर्जदार म्हणून पत्नीचे नाव, जामीनदार, सदनिकेचा क्रमांक, थकबाकीचा आकडा आणि शेवटी जनतेला इशारा, की या मालमत्तेचा व्यवहार कोणी करू नये. थकीत कर्जापोटी बँकेला तारण मालमत्ता ताब्यात घेऊ देणाऱ्या सरफेसी कायद्याखालच्या 2002 च्या नियमांनुसार अशी नोटीस दोन प्रमुख वर्तमानपत्रांत छापावी लागते आणि त्यांतले एक स्थानिक भाषेतले असावे लागते. या सक्तीशी माझे भांडण नाही. बँकेकडे अडकलेले घर कोणी फसून विकत घेऊ नये, हा हेतू रास्तच आहे. पण हा नियम झाला तेव्हा नोटीस छापलेला कागद महिन्याभरात रद्दीत जात असे. आता तोच मजकूर ई-पेपरच्या साठ्यात आणि लिलावाच्या जाहिराती गोळा करणाऱ्या संकेतस्थळांवर पडून राहतो. त्या घराशी काडीचाही संबंध नसलेल्या माणसाला, म्हणजे स्थळाची चौकशी करणाऱ्याला, खोली भाड्याने देणाऱ्याला, नोकरीचे अर्ज चाळणाऱ्याला, तो नुसत्या नावावरून सापडू शकतो. मूळ नोंद नष्ट करा, असे मी म्हणत नाही. कायद्याच्या लेखी देणे संपले की नुसते नाव टाकून त्या नोंदीपर्यंत पोचण्याची वाट बंद व्हावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

या प्रश्नाची युरोपातली सुरुवातही एका लिलावाच्या नोटिशीतूनच झाली. 1998 साली बार्सिलोनाच्या ‘ला व्हँग्वार्दिया’ दैनिकात सामाजिक सुरक्षेच्या थकबाकीपोटी होणाऱ्या लिलावाची छोटी जाहिरात आली होती. थकबाकीचे प्रकरण मिटून कित्येक वर्षे झाली, तरी संबंधित गृहस्थांचे नाव गुगलवर टाकले की तीच पाने समोर येत. (त्यांचे नाव जगजाहीर आहे, पण या लेखात ते देणे मला पटत नाही.) स्पेनच्या माहिती संरक्षण यंत्रणेने वर्तमानपत्राविरुद्धची त्यांची तक्रार फेटाळली, कारण जाहिरात सरकारी आदेशावरून छापलेली होती. गुगलविरुद्धची मात्र मान्य केली. 13 मे 2014 रोजी युरोपीय न्यायालयाने हाच भेद उचलून धरला. मजकूर कायदेशीरपणे छापलेला असला, तरी नावावरून तो शोधून देणे हे वेगळे कृत्य आहे आणि त्याचा जाबही वेगळा द्यावा लागतो. मला हा भेद फार मोलाचा वाटतो.

त्याचा पुरावा सर्वांत उघडपणे दिसला तो जपानमध्ये. तिथल्या दिवाळखोरी कायद्याप्रमाणे नादार ठरलेल्या व्यक्तीचे नाव आणि पत्ता ‘कानपो’ या सरकारी राजपत्रात प्रसिद्ध होतो. हे राजपत्र धनको आणि वकील सोडले तर फारसे कोणी उघडत नसे. 2019 मध्ये कोणीतरी त्यातली नावे-पत्ते उचलून गुगलच्या नकाशावर खुणा केल्या. आपल्या गल्लीत कोण बुडाले, हे शेजाऱ्याला एका क्लिकवर दिसू लागले. त्यात एकही नवी माहिती नव्हती. जे आधीच जाहीर होते, त्याचीच मांडणी बदलली होती, आणि तेवढ्यानेच देशभर संताप उसळला. वैयक्तिक माहिती संरक्षण आयोगाने बजावल्यावर ते संकेतस्थळ बंद पडले, पण त्याची पिल्ले निघत राहिली. 2020 मध्ये आणखी दोन संकेतस्थळांना थांबण्याचे आदेश द्यावे लागले. 2022 मध्ये आणखी एक उगवले आणि त्याने तर नकाशावरची खूण काढण्यासाठी बिटकॉइनमध्ये पैसे मागितले. आधीच नादार झालेल्या माणसाकडून ही खंडणी! ‘जे जाहीर आहे ते जाहीरच आहे, मग ते कुठेही दिसो’ असे म्हणणाऱ्यांनी हा नकाशा डोळ्यांपुढे आणावा. एप्रिल 2025 पासून जपानचे राजपत्र इलेक्ट्रॉनिक स्वरूपातच अधिकृत झाले आणि वैयक्तिक माहिती असलेल्या अशा सूचना फक्त 90 दिवस दाखवण्याची व्यवस्था केली गेली.

यावर पहिला आक्षेप पैसे देणाऱ्यांचा. उद्या ज्याला कर्ज द्यायचे त्याचा पूर्वेतिहास आम्हाला कळू नये का? जरूर कळावा, पण त्यासाठी पतमाहिती संस्था आहेत आणि त्यांच्यावर कायद्याचे बंधन आहे. अमेरिकेत पतअहवालात दिवाळखोरी जास्तीत जास्त दहा वर्षे दाखवता येते. इंग्लंडच्या सरकारी नोंदवहीतून कर्जमुक्तीनंतर तीन महिन्यांनी नाव निघते. जर्मनीत सार्वजनिक नोंद सहा महिन्यांनी पुसली जाते आणि खाजगी पतमाहिती संस्थांनाही कर्जमुक्तीची ती नोंद त्याहून जास्त ठेवता येणार नाही, असे युरोपीय न्यायालयाने 7 डिसेंबर 2023 रोजी ठरवले. या देशांतला पतव्यवहार काही बंद पडलेला नाही. सर्च इंजिनला मात्र अशी मुदतच नाही, आणि तिथे कर्ज फिटल्याची बातमी नोटिशीच्या शेजारी क्वचितच दिसते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अशा सवलतीचा फायदा लुटारू उठवतील आणि पत्रकारांच्या हातातले साधन जाईल, ही भीती खोटी नाही. म्हणूनच मुद्दाम कर्ज बुडवणारे, फसवणुकीत दोषी ठरलेले आणि सार्वजनिक पदावरचे लोक या सवलतीबाहेर ठेवले पाहिजेत. 2014 च्या निकालानेही सार्वजनिक जीवनातल्या व्यक्तींचा अपवाद केलाच आहे. मूळ पान अभिलेखागारात राहते, न्यायालयाचे नाव किंवा तारीख माहीत असणाऱ्या अभ्यासकाला ते सापडते. आजारपणात किंवा धंद्यात बुडालेला दुकानदार आणि बँका लुटून पळालेला उद्योगपती यांना एकाच मापाने मोजण्याचे कारण मला दिसत नाही.

भारतात आपण उलट्या दिशेने चाललो आहोत. 2016 च्या दिवाळखोरी संहितेतला व्यक्तींविषयीचा भाग 1 डिसेंबर 2019 पासून फक्त कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांना लागू झाला. इतरांसाठी मुंबईत 1909 चा आणि बाकी महाराष्ट्रात 1920 चा ब्रिटिशकालीन कायदा राहिला. त्यामुळे सामान्य कर्जदाराच्या वाट्याला सुटकेचा निकाल क्वचितच येतो, जाहीर नाचक्की मात्र लगेच येते. सप्टेंबर 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने ताब्यातल्या मालमत्तांची यादी कर्जदार आणि जामीनदारांच्या नाव-पत्त्यांसह संकेतस्थळावर लावण्यास बँकांना सांगितले. ही यादी दरमहा अद्ययावत करायची आहे, हे चांगलेच. पण मधल्या काळात कोणी उतरवून घेतलेल्या प्रतींना ते लागू होत नाही. 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा माहिती पुसण्याचा हक्क देतो, पण कायद्याच्या सक्तीने जाहीर केलेली माहिती त्याच्या कक्षेबाहेर ठेवतो. म्हणजे ज्याला या हक्काची सर्वांत जास्त गरज आहे तोच बाहेर राहतो. या अपवादाला मुदत जोडणे अवघड नाही. थकबाकी फिटली, तडजोड झाली किंवा लिलाव पूर्ण झाला की बँकेनेच तसा दाखला द्यावा, आणि तो दाखवल्यावर सर्च कंपनीने त्या नावाच्या शोधातून नोटीस ठरावीक दिवसांत वगळावी. जामीनदाराने तर स्वतः कर्ज घेतलेलेही नसते. त्याच्यासाठी ही मुदत सर्वांत आधी सुरू व्हावी.