वखारीसमोरची वस्ती

जाकार्ताच्या सुंदा कलापा बंदरालगत डच ईस्ट इंडिया कंपनीच्या मसाल्यांच्या वखारी पाहावयास मिळतात. आज तेथे सागरी संग्रहालय आहे. जवळच कांपुंग आक्वारियुम ही गरिबांची वस्ती. समुद्रभिंत आणि वारसा-परिसराचा विकास यांसाठी शासनाने ती एप्रिल २०१६ मध्ये पाडली व रहिवाशांना दूरवर भाड्याची घरे देऊ केली. वखारी जपावयाच्या, माणसे हलवावयाची! किनारा खचतो हे खरे. पण त्याचे मोठे कारण शहरभर चालणारा भूजलाचा उपसा. त्याचा भुर्दंड काठावरच्यांनीच का सोसावा? पेढीचे मोल भिंतींत नसून जागेत असते, हे व्यापारी घरांना वेगळे सांगावयास नको. काही कुटुंबे ढिगाऱ्यावरच राहिली, न्यायालयातही गेली. २०२१ मध्ये तेथेच त्यांच्यासाठी नव्या इमारती उभ्या राहिल्या. बंदर पूर्वीइतकेच जवळ.